आत्याबाईंचा वेदनांक

त्या यंत्राचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक आणि तोंडात न मावणारं होतं, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात सगळे त्याला गांडूळ म्हणत. डॉक्टर फरहाना मुल्लांना ते मुळीच आवडत नसे. नाकातून आत जाणाऱ्या वस्तूला गांडूळ म्हटलं तर पेशंट सलाईनसकट पळून जाईल, असं त्यांचं म्हणणं. शालनबाई शेलारांनी मात्र ते नाव ऐकलं आणि कॉटवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "गांडूळ लई गुणाचं असतंय. रान भुसभुशीत करतंय. येऊ द्या."

अंगात ताप, डोळे पिवळट, पोटाची उजवी बाजू फळीसारखी ताठ. चेहरा मात्र एसटीची वाट बघत स्टँडवर बसलेल्या बाईचा. पायथ्याशी त्यांची सून कोमल उभी होती आणि दाराच्या चौकटीला धरून मुलगा संग्राम.

"यकृताच्या खाली पित्ताची एक पिशवी असते, लहानशा वांग्याएवढी," डॉक्टर त्या दोघांना सांगत होत्या. "तिच्या तोंडात खडा अडकलाय. पित्त आत कोंडलं, नासलं, आता पू झालाय. पिशवी फुगलीय. फुटली तर पू पोटभर पसरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही."

"मग काढून टाका की ती पिशवी," संग्राम म्हणाला.

"दुसऱ्या कुणाची आजच काढली असती. तुमच्या आईचं हृदय जेवढं रक्त ढकलायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा ढकलत नाही. पेसमेकरवर चाललंय. भूल दिली तर त्या उठतीलच, असं मी सांगू शकत नाही. पूर्वी अशा पेशंटच्या बरगड्यांमधून नळी घालून बाहेर पिशवी लटकवायचे. ती आठवडेच्या आठवडे सांभाळायची, आणि निसटली की पुन्हा पळापळ. मोठ्या शहरात दुर्बीण घालून आतल्या आत वाट करून देतात, पण त्यालाही गुंगी लागते, आणि तिथपर्यंतचा प्रवास यांना झेपायचा नाही."

"म्हणजे गांडूळ," कोमल म्हणाली.

डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवली. शेवईएवढा तो मऊ धागा नाकातून जठरात उतरायचा. कॉटभोवतीची चुंबकं त्याला ओढत, वळवत न्यायची. जठराच्या भिंतीला पलीकडून पित्ताची पिशवी जिथे टेकते तिथे जाऊन तो थांबायचा, दोन्ही भिंतींना एक भोक पाडायचा आणि त्यात शिलाई मशीनच्या रिळासारखी एक बारीक जाळी बसवायचा. दोन्ही टोकांना चकती, मध्ये पोकळ. पिशवीतली घाण आतल्या आत जठरात उतरायची. कातडीवर ओरखडा नाही, भूल नाही.

"पण भूल नाही म्हणजे दुखेल ना?" कोमलने विचारलं.

"दुखेल. आणि आम्हाला तेच हवंय."

त्या क्षणी कोमलला ही डॉक्टर जरा विक्षिप्तच वाटली. पण त्यामागे शास्त्र होतं. गांडुळाच्या टोकाला सोनोग्राफी होती, पण सोनोग्राफीला आकार दिसतो, सड दिसतेच असं नाही. आणि खड्याच्या मागे तर तिला काहीच दिसत नाही, दिव्यापुढे हात धरला की भिंतीवर पडते तशी सावली पडते. पिशवीची भिंत कुठे धड आहे आणि कुठे कुजून कागदासारखी झाली आहे, हे जिचं पोट आहे तिलाच आधी कळतं. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी पेशंटचं दुखणं हेच यंत्राचं बोट केलं होतं. गांडूळ जरासं दाबायचं, विचारायचं आणि उत्तर ऐकून पुढे सरकायचं. नाडी, घाम, चेहऱ्यावरचा कॅमेरा, हातात दिलेला रबरी चेंडू आणि पेशंटचे शब्द, या सगळ्यांची बेरीज करून ते पडद्यावर शून्य ते दहातला एक आकडा दाखवायचं. त्याला वेदनांक म्हणत. चारला पोचला की गांडूळ जागीच थांबायचं.

"यांची नाडी पेसमेकर आणि गोळ्यांनी बांधलेली आहे, ती काही सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यामुळे सगळी भिस्त आजींच्या बोलण्यावर. आजी, दुखलं की लगेच सांगायचं. लाजायचं नाही."

"सांगंन की."

"आमच्या आईला काही होत नाही मॅडम," संग्राम दारातून अभिमानाने म्हणाला. "लई सोशिक. म्हशीनं छातीत लाथ घातली होती, तरी धार पुरी काढूनच उठली."

डॉक्टरांचा चेहरा पडला. गावच्या आरोग्य केंद्रातल्या यंत्राने शालनबाईंना आधीच तपासलं होतं. किती दुखतंय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "असंल दोनेक." यंत्राने ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. हल्ली दवाखान्यात कुणाला आधी आत घ्यायचं हे असल्या आकड्यांवरच ठरे, त्यामुळे कण्हणारे पुढे आणि गप्प बसणारे मागे, अशी नवीच रांग तयार झाली होती. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, मग यंत्र कुठून पाजणार?

आत एका नातेवाइकाने पेशंटचा हात धरून बसायचं होतं. डॉक्टरांनी संग्रामकडे पाहिलं. गडी धिप्पाड, पण स्पिरिटचा वास आला की त्याचे डोळे फिरत.

"त्याला नगं," शालनबाई म्हणाल्या. "पडंल हितंच, मग त्यालाच उचलाय चार माणसं लागतील. हिला घ्या."

हिला म्हणजे कोमलला. लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी सासूच्या तोंडी तिचं नाव क्वचितच येई. 'अगं ए' नाहीतर 'ही'. भाकरी जाड झाली, दार उघडं टाकलं, ओल्या पायांनी घरात आली. दिवस उजाडल्यापासून सूर लागे तो मावळेपर्यंत. कोमल आपल्या या आत्याबाईंचं सवयीने ऐकून घ्यायची. कारण तिच्याजवळ मोजक्या काही आठवणी होत्या, आणि त्या ती सणाला काढायच्या पैठणीसारख्या जपून ठेवायची. नवी नवरी असताना, हळद शिजवायच्या दिवसांत, एकदा आत्याबाई एकाएकी म्हणाल्या होत्या, "बाळ, उन्हात नको थांबू, सावलीला बस." पुढे एका संध्याकाळी गोठ्यातून आल्या, उंबऱ्यावर टेकल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "जेवलीस का गं बाळ?" अशा आणखी दोन-तीन वेळा. बाईच्या पोटात माया आहे, फक्त ती ओठांवर यायला लाजते, असं कोमलने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या 'बाळ'वर तिने अकरा वर्षं काढली होती.

गांडूळ नाकातून सुरळीत उतरलं. शालनबाईंनी एकदा डोळे मिटले, बस्स. काचेपलीकडे संग्राम उभा होता, त्याचा आवाज स्पीकरमधून आत येत होता. पडद्यावर धूसर करड्या रंगात जठराची भिंत दिसत होती.

"आजी, आता थोडा दाब जाणवेल," यंत्र गोड, शुद्ध मराठीत म्हणालं. "दुखतंय का?"

"न्हाई बाई."

वेदनांक शून्य. हिरवा दिवा.

"अगं ए," शालनबाई कोमलकडे वळल्या, "केस कसं सोडलंयत? दवाखान्यात आलीयास का जत्रंला? आन् म्हशीचं कोण बघतंय?"

"शेजारच्या काकी बघतायत, आत्याबाई."

"ती काय बघतीया! निम्मं दूध तिच्याच चहात जाईल."

डॉक्टर गालातल्या गालात हसल्या. गांडूळ सरकत होतं. पडद्यावर पित्ताची पिशवी दिसू लागली, फुगलेली, काठोकाठ. तिच्या तोंडाशी खडा आणि त्याच्यामागे काळी सावली. गांडुळाने सावलीच्या कडेला टोक टेकवलं आणि रेटा दिला.

"आजी, दुखतंय का?"

"न्हाई." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बाळ, तू सकाळधरनं काय खाल्लंस का गं?"

कोमलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या दुखण्यात बाईला आपली भूक आठवावी! तिने सासूचा हात घट्ट धरला. तो हात सैल होता, दुसऱ्या हातातला चेंडूही नुसता तळव्यावर पडून होता.

"खाल्लं, आत्याबाई."

"वेदनांक एक," यंत्र म्हणालं. "जागा योग्य आहे. भोक पाडण्याची तयारी."

"पुढे चल," डॉक्टर म्हणाल्या.

"तुझा हात गार पडलाय गं बाळ. काहीतरी पांघर."

दुसऱ्यांदा. एका दमात दोनदा असं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. कोमल सुखावून काही बोलणार, तेवढ्यात तिला ती संध्याकाळ आठवली. गोठ्यातून येऊन आत्याबाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या. ती म्हशीच्या लाथेची संध्याकाळ होती. बरगडी मोडल्याचं कितीतरी दिवसांनी एक्स-रेच्या फोटोत कळलं होतं. आणि हळद शिजवायच्या दिवशी 'सावलीला बस' म्हणताना त्यांनी एक हात पदराखाली धरला होता. वाफेने भाजलेला तो हात पुढे पुरता सोलवटल्यावर घरच्यांना दिसला होता. एकेक पैठणी उलगडत गेली आणि प्रत्येकीच्या घडीत तेच निघालं.

"थांबवा!" ती ओरडली. "मॅडम, थांबवा ते!"

डॉक्टरांनी दचकून बटण दाबलं. "काय झालं?"

"त्यांना दुखतंय. लई दुखतंय."

"त्या नाही म्हणतायत. यंत्र एक दाखवतंय."

"त्या मला बाळ म्हणाल्या."

स्पीकरमधून संग्रामचा वैतागलेला आवाज आला. "अगं, मायेनं म्हणली असंल आई! मॅडमना काम करू दे की."

"मायेनं नाही म्हणत त्या मला," कोमल म्हणाली. हे वाक्य काचेपलीकडच्या नवऱ्याला, परक्या डॉक्टरला आणि खुद्द सासूला ऐकू जाईल असं तिने मोठ्याने म्हटलं. "कधीच नाही. सहन होईनासं झालं की म्हणतात. मला आत्ता कळलं."

डॉक्टर मुल्ला पेचात पडल्या. पिशवी इतकी तटतटली होती की उशीर केला तर ती आपोआप फुटली असती. आणि थांबायचं तर कशाच्या जोरावर? सून म्हणते, सासूने लाडाने हाक मारली, म्हणून? त्या वाकल्या. "आजी, खरं सांगा. दुखतंय?"

"न्हाई म्हणलं न्हवं?" शालनबाईंच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. "तुमी तुमचं काम करा, बाळ."

सकाळपासून त्या डॉक्टरांना 'ओ बाई' म्हणत होत्या.

डॉक्टर झटक्यात सरळ झाल्या. त्यांनी हातात धरायचं सोनोग्राफीचं यंत्र घेतलं, शालनबाईंना डाव्या कुशीवर थोडं वळवलं आणि बरगड्यांच्या फटीतून, खड्याच्या पलीकडच्या बाजूने पाहिलं. पडद्यावर आता सावलीच्या पोटातलं दिसू लागलं. तिथे पिशवीची भिंत जवळजवळ नव्हतीच, भिजलेल्या कागदासारखा एक पदर उरला होता. गांडुळाचं टोक बरोबर त्याच्यावर टेकलेलं होतं.

"मागे घे," त्या यंत्राला हळूच म्हणाल्या. मग कोमलकडे न बघताच म्हणाल्या, "अजून थोडं रेटलं असतं तर संपलं होतं सगळं."

काचेपलीकडे संग्राम मटकन खाली बसला.

दुसरी वाट होती, बोटभर खालून. पण तिथलीही भिंत कशी आहे हे यंत्राला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि शालनबाई तर झाकली मूठ सव्वा लाखाची करून बसलेल्या. डॉक्टरांनी त्यांच्या हातातला चेंडू काढून कोमलच्या हातात दिला आणि पडद्यावर एक खूण बदलली.

"ही सोय तान्ह्या मुलांसाठी आहे. त्यांना बोलता येत नाही, म्हणून आई चेंडू दाबते. आता तुम्ही दाबा. त्यांना बोलतं ठेवा आणि लक्ष द्या."

तान्ह्या मुलाला निदान रडता तरी येतं, असं कोमलच्या मनात आलं. तिने घसा साफ केला. बाईला बोलतं कसं ठेवायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आत्याबाई, यंदा लोणच्यात मी मोहरी घातलीच नाही."

"काय?" शालनबाईंनी मान उचलली. "मोहरी न्हाई? मग काय घातलंस, माती? बरणी नासली म्हणून समज!"

गांडूळ पुढे सरकलं. हिरवा दिवा.

"आणि तुमचं जुनं लुगडं फाडून पुसायला घेतलं."

"कुठलं? हिरवं? अगं अवदसे, ते माझ्या आयचं... "

शिवी ऐकून कोमलचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच ती सासूच्या बोलण्याची आसुसून वाट बघत होती. एकेका टोमण्यासरशी गांडूळ तसूतसूने पुढे सरकत होतं. मग मध्येच आवाज बंद पडला. ना शिवी, ना हाक. शालनबाई छताकडे बघत होत्या.

"आत्याबाई?"

ओठ नुसते हलले. "बाळ... "

कोमलने चेंडू चेपला. पडद्यावरचा आकडा एकदम सातवर गेला आणि गांडूळ थबकलं. डॉक्टरांनी त्याला केसभर डावीकडे घेतलं. पुन्हा टेकवलं.

"आता?"

"बरणी तरी झाकलीस का नीट," शालनबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. कोमलने चेंडू सोडला.

"इथेच," डॉक्टर म्हणाल्या. "भिंत चांगली आहे. पण आता भोक पडणार, म्हणजे दुखणारच. ते वाढत गेलं तर मला त्याच क्षणी कळायला हवं. नुसत्या हाकेवर आता भागायचं नाही."

कोमल सासूच्या चेहऱ्याशी वाकली. "आत्याबाई, मला कळलंय सगळं. लाथेचं, हळदीचं. आता बाळ म्हणू नका. दुखतंय म्हणा."

शालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतं तसं पाहिलं. "कुणाला सांगायचं गं?" त्या म्हणाल्या. "माझी सासू म्हणायची, सोंगं करती. तुझ्या सासऱ्याला सांगितलं तर ते उठून भाईर जायचं. संग्राम हा असा. मग सांगायचंच सोडलं म्या. कुणाशीतरी चार गोड शब्द बोललं की जरा कळ दबती, एवढंच."

"मला सांगा."

डॉक्टरांनी खूण केली, यंत्राने तयारी झाल्याचं सांगितलं. आणि इतका वेळ मेल्यासारखा पडलेला तो सैल हात कोमलच्या हातावर आवळला. भाकऱ्या थापून, खुरपं धरून घट्ट झालेला हात तो. कोमलने एका हाताने जेवढं सोसलं तेवढंच दुसऱ्या हाताने चेंडूला दिलं. हात आवळला की चेंडू आवळायचा, सैल झाला की सैल करायचा. पडद्यावर आकडा तीन, चार, तीन असा हेलकावे घेऊ लागला आणि त्या तालावर गांडूळ कधी थांबत, कधी सरकत आत गेलं. एकदा तो पाचावर गेला, मग खाली आला.

पिशवीच्या आत जाळीची पहिली चकती उमलली. मग जठराच्या बाजूला दुसरी. पुढच्या क्षणी जठरात उतरलेला काळपट हिरवा, घाणेरडा द्रव नाकातल्या नळीने कॉटखालच्या बाटलीत धो धो येऊ लागला आणि पडद्यावरची ती फुगलेली पिशवी हळूहळू बसत गेली. डॉक्टर मुल्लांनी खुर्ची ओढली आणि त्या तिच्यात धपकन बसल्या.

शालनबाईंनी हात सोडवून घेतला.

"नखं काप की," त्या म्हणाल्या. "रुतली सगळी."

कोमल तोंडाला ओढणी लावून हसली आणि तिथेच रडलीही.

दुपारपर्यंत ताप उतरणीला लागला होता. संग्राम वॉर्डात आला, आईच्या पायांना हात लावून बसला. "आई, दुखलं का गं लई?"

"न्हाई."

"बघा!" तो बाजूच्या कॉटवरच्या माणसाला म्हणाला आणि चहा आणायला गेला. काही माणसं काच मध्ये नसली तरी पलीकडेच असतात.

डॉक्टर कोमलला बाजूला घेऊन सांगत होत्या. जाळी आत कायमची राहणार, ती कधी तुंबली तर पहिली सूचना दुखण्याचीच असेल. "मी यंत्र बनवणाऱ्यांना सगळं कळवणार आहे. पण घरी गांडूळ नाही, चेंडू नाही. त्यांनी सांगायला शिकलं पाहिजे."

कोमलने मान डोलावली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती कॉटशेजारी येऊन बसली. सासू वाचली याचा आनंद होता, खरा आनंद, आणि तरी काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटत होतं. जपून ठेवलेलं ते 'बाळ' तिचं नव्हतंच. ती कळ दाबायची युक्ती होती, डॉक्टरलाही मिळालेली. आपण अकरा वर्षं कशावर जगलो, असं वाटून तिला स्वतःचीच कीव आली. बाहेर व्हरांड्यात दवाखान्याची बाई फरशी पुसत पुसत वॉर्डाच्या दाराशी आली होती.

"कोमल."

तिला आधी कळलंच नाही की ही हाक कॉटवरून आली. शालनबाई स्वतःच्या मनगटाकडे बघत होत्या. सलाईनची सुई खुपसली होती तिथे हात थोडा सुजला होता, एवढंच. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, संग्राम येत नाही ना म्हणून. मग तोंडात कधी न घोळवलेला शब्द जड जावा तशा अडखळत म्हणाल्या, "ही सुई. दुखतीया गं मला."

कोमल नुसती बघत राहिली.

"बघत काय बसलीयास? बोलव की त्या डॉक्टरणीला!"

कोमल उठली. तिचे डोळे इतके भरून आले होते की दार नीट दिसेना, तरी ती धावली, आणि मागून आवाज आला, "अगं ए, पळू नगंस! फरशी वली हाय."